जावक वही आणि गाडीचा दम

एका रविवारी टेकडीच्या चढावर, दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन पायी चाललेल्या एका गृहस्थाने नानांच्या गाडीला मागे टाकले. नुसते टाकले असते तर नानांनी ते सोसले असते. पण त्या गृहस्थाने जाता जाता खिडकीत डोकावून "येतो हं" असे म्हटले, आणि तो खरोखरच पुढे गेला.

नाना त्या वेळी ॲक्सिलरेटरवर जवळजवळ उभे होते. शेजारी बसलेल्या माईंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, मांडीवरची पर्स सारखी केली आणि विचारले, "अहो, हाक मारू का त्यांना? आपल्यालाही वरपर्यंत सोडतील."

चढाच्या माथ्यावर लेकीचे घर होते आणि त्या घरात चार महिन्यांची नात. बस पायथ्याशीच माणसे उतरवून परत फिरायची. माईंच्या गुडघ्यांनी तो चढ केव्हाच नामंजूर केला होता. तेव्हा नात बघायची तर गाडी हवी. आणि गाडी महिनाभर अशी धापा टाकत होती की आपण वर पोचेपर्यंत नात शाळेत जायला लागेल, अशी माईंना धास्ती पडली होती.

त्या संध्याकाळी माईंच्या धाकट्या भावाने फोनवरून तोडगा काढला. त्याचा गावाबाहेर कोंबड्यांचा फार्म होता.

"भाऊजी, ती गाडी मला द्या. खाद्याची पोती न्यायला बरी. आमच्याकडे सगळी सपाटी, आणि कोंबड्यांना कुठे घाई असते? तुम्हाला नातीकडे जायचं असलं की मला फोन करायचा. वेळ असला की मी नेईन."

वेळ असला की! म्हणजे नातीला भेटायला मेहुण्याकडे अर्ज करायचा. नानांना छत्तीस वर्षे अर्ज घ्यायची सवय होती, करायची नव्हती. ते ताडकन म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे!"

"मग येतो की रविवारी. चढ चढली तर तुमची, नाही चढली तर कोंबड्यांची."

"ठरलं," असे नानांच्या हातातल्या फोनला माईंनी सांगितले आणि फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले, कान दिला आणि बंद केले. "हवा घेत नाहीये पुरेशी. फिल्टर, पाइप, सगळं खोलून बघावं लागेल. पुढच्या सोमवारी आणा, आठवडाभर हात मोकळा नाही."

"इतकंच ना? मग मीच खोलतो," नाना म्हणाले. (एका लहानशा वाक्याने माणसाचे किती नुकसान होते, ते पुढे येईलच.)

गॅरेजवाल्याने त्यांच्याकडे डॉक्टर बघतो तसे बघितले. "खोला. पण पाइप काढलात की इंजिनाच्या तोंडात फडकं कोंबा. आत कचरा गेला तर मग माझ्याकडेही आणू नका."

नाना निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत ते सलग दहा मिनिटे खुर्चीत बसलेले कुणी पाहिले नव्हते. घरातला प्रत्येक नळ त्यांनी घट्ट केला होता. दोन तर इतके, की ते आता उघडतच नव्हते. अशा हातांना इंजिन मिळाले. शनिवारी सकाळी सात वाजता नाना पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि एक दोनशे पानी वही घेऊन शेडमध्ये हजर झाले.

वही कशाला, असे माईंनी विचारले.

"जावक वही. गाडीतून जे जे बाहेर जाईल, त्याची नोंद. लोक इंजिन खोलतात आणि शेवटी चार स्क्रू हातात उरतात. का? तर कार्यपद्धती नाही!"

त्यांनी रकाने आखले: अनुक्रमांक, वस्तू, कोठून काढली, वेळ, जागेवर परत. पहिली क्लिप सुटायला दोन मिनिटे लागली आणि तिची नोंद करायला पाच. प्रत्येक स्क्रूला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. तेराव्या क्रमांकाला मोठा रबरी पाइप निघाला. त्याला चांगली बोटभर चीर होती. नानांनी आनंदाने अशी आरोळी ठोकली की माई घाबरून बाहेर डोकावून गेल्या. इंजिनाचे उघडे तोंड दिसताच गॅरेजवाल्याचा इशारा आठवला. नानांनी इकडे तिकडे पाहिले, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून निळ्या चौकटींचे एक फडके ओढले, बोटाने आत खोल कोंबले आणि वहीकडे वळून चौदावा क्रमांक लिहिला: फिल्टरच्या डब्याचे झाकण.

डब्यात उंदराचे घरटे होते. ऐसपैस, कागदाच्या कपट्यांचे. नानांनी एक कपटा चष्म्याजवळ धरला. अक्षर ओळखीचे होते. 'मागील टिपणी पाहून पुन्हा सादर करावे.' निवृत्तीच्या दिवशी कचेरीतून आठवण म्हणून आणलेले टिपणांचे गठ्ठे शेडमध्येच ठेवले होते, ते उंदराने कामी लावले होते.

चहा घेऊन आलेल्या माईंनी दुसरा कपटा वाचला. "'तूर्त थांबावे.' तुमचीच सही आहे. छत्तीस वर्षं माणसं थांबवलीत, आता गाडी!"

"उंदीर माझ्या हाताखाली नव्हता," नाना म्हणाले.

घरटे उपसले, फिल्टर झटकला, चिरेवर रबरी टेप गुंडाळली आणि नाना उलट्या क्रमाने निघाले. तेवीस, बावीस, एकवीस. प्रत्येक वस्तू जागेवर, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. चार वाजता अनुक्रमांक एक बसला. हातात काही उरले नाही. नानांनी वहीवर सही केली, खाली तारीख घातली.

तेवढ्यात माई अंगणात आल्या. "माझं निळ्या चौकटींचं फडकं बघितलंत?"

"तुझं फडकं मी कशाला घेऊ?"

"आठवून बघा."

"आठवायचं काय त्यात? हे बघ!" नानांनी वही त्यांच्यापुढे धरली. "तेवीस वस्तू. फडकं आहे का यात? जे वहीत नाही, ते इथे आलंच नाही."

माईंनी खरोखर तेवीसच्या तेवीस नोंदी वाचल्या. फडके नव्हते.

गाडी सुरू केली तेव्हा ती दोनदा खोकली, थरथरली आणि बंद पडली. परत सुरू केली, परत तसेच. "सगळं नवीन बसलंय, जरा वेळ लागेल तिला," असे नानांनी जाहीर केले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ते दर पंधरा मिनिटांनी शेडमध्ये जाऊन तिला तो वेळ देऊन, म्हणजे स्टार्टर मारून येत होते.

रविवारी मेहुणा आला. मागच्या सीटवर त्याने कोंबडीखाद्याचे एक रिकामे पोते पसरून पाहिले. नानांनी ते घडी करून त्याच्या हातात परत दिले.

सपाटीवरून गाडी टेकडीच्या पायथ्यापर्यंत पोचली, पण कशी? मागून सायकली घंटी वाजवत होत्या. बरोबर पायथ्याशी तिने एक दीर्घ उसासा सोडला आणि मान टाकली.

"कोंबड्यांची," मेहुणा म्हणाला.

"थांब!" नाना वही घेऊन उतरले. "दुरुस्तीत चूक निघणं शक्य नाही. ही बघ नोंद."

मेहुण्याने नोंद बघितली नाही, बॉनेट उघडले. त्याने मोठ्या पाइपाची क्लिप सैल केली, पाइप बाजूला केला आणि आत दोन बोटे घातली. बाहेर आली ती निळी चौकट. मग दुसरी. मेहुणा ओढत राहिला, चौकटी येत राहिल्या.

माईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "हे माझं फडकं."

नाना वही चाळत होते. अखेरीस हळू आवाजात म्हणाले, "ही जावक वही आहे. हे आवकमध्ये येतं. आवक वही ठेवली नव्हती."

"भाऊजी," मेहुणा पाइप बसवत म्हणाला, "आता बॅटरी पण गेलीये. मी बसतो स्टिअरिंगवर. ताईचे गुडघे. राहिलात तुम्ही. ढकला."

नानांनी वही काखेत मारली आणि दोन्ही हात डिकीला लावले. दहा पावले, पंधरा पावले. गाडीने एक आचका दिला, आणि मग असा काही आवाज केला की तसा नानांनी गेल्या दोन वर्षांत ऐकला नव्हता. भरलेला, खुला, मोठा आवाज. ती चढाला भिडली ती थेट तिसऱ्या गिअरमध्येच गेल्यासारखी.

"चढली, भाऊजी! तुमची गाडी तुमची!" मेहुण्याचा हात खिडकीतून हलला. "आता थांबवत नाही, परत बंद पडेल!"

"अहो, सावकाश या!" माई ओरडल्या. "मी नातीला घेते तोवर!"

वळणावर गाडी दिसेनाशी झाली. नाना तोंड उघडे ठेवून बघत राहिले. डोळ्यांत पाणी आले होते. पैकी थोडे अभिमानाचे असावे. मग ते चढू लागले. पहिल्या वळणावर दम लागला, दुसऱ्यावर छातीचा भाता झाला. हवा पुरेशी घेत नाहीये, हे त्यांना स्वतःबद्दलही मान्य करावे लागले.

मागून पावले वाजली. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेतलेले ते गृहस्थ शेजारी आले, क्षणभर थबकले.

"आज गाडी नाही वाटतं?"

"आहे ना," नाना धापा टाकत म्हणाले. "वर पोचली. काय पळते म्हणून सांगू! घरच्या घरी दुरुस्त केली."

"वा! येतो हं," असे म्हणून गृहस्थ पुढे निघून गेले.

नाना कठड्यावर टेकले. बसल्या बसल्या हाताला चैन पडेना, तेव्हा त्यांनी वही उघडली. सहीखाली थोडी जागा उरली होती. खिशातून पेन काढून त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले: अनुक्रमांक चोवीस. वस्तू: मालक. कोठून काढली: गाडीतून. वेळ: दहा वाजून वीस मिनिटे.

'जागेवर परत' हा रकाना त्यांनी कोराच ठेवला.