बॅकअपवर हरकती मागवण्यात येत आहेत

पांढुर्ण्यातल्या एका सरकारी कार्यालयात सुमेध नावाच्या कारकुनाला संगणक प्रशासक नेमण्यात आलं. कार्यालय कोणतं, ते विचारू नका. मला याच गावात दुकान चालवायचं आहे. सुमेधची पात्रता अशी, की साहेबांच्या मोबाइलचा गेलेला आवाज त्यानं परत आणला होता. त्यानंतर यंत्रणा कुणाच्या हाती द्यावी, याबद्दल साहेबांच्या मनात शंका उरली नाही.

लगेच वरून आदेश आला, की कार्यालयातल्या सगळ्या नोंदींचा पूर्ण बॅकअप घ्यावा आणि तो चालतो याची खात्री करून कळवावं. सुमेधनं नोंदींची दुसरी प्रत एका डिस्कमध्ये भरली, वर चिठ्ठी चिकटवली आणि डिस्क कपाटात ठेवली. इथवर चूक झाली नाही.

मग दसरा आला. दसऱ्याला कार्यालयातल्या यंत्रांची पूजा होते. मोठे बाबू रघुनाथराव श्रद्धाळू माणूस. त्यांनी कपाट उघडून आतल्या डिस्कांनाही हळदीकुंकू वाहिलं आणि वरून गंगाजळ शिंपडलं. आत दोन डिस्क होत्या. एक सुमेधची, दुसरी जुनी, पांढुर्णा वेगळा जिल्हा व्हायच्या आधीची. दोन्हीवरच्या चिठ्ठ्या सारख्याच लाल-पिवळ्या झाल्या आणि अक्षर देवाला अर्पण झालं.

दुसऱ्या दिवशी सुमेधनं विचारलं, "काकाजी, बॅकअप चालते का नाई, हे कसं पाहू?"

"चालवून पाय ना," रघुनाथराव म्हणाले. "मोटरसायकल चालते का नाई, हे काय नुसतं पाहून समजते?"

सल्ला अनुभवी माणसाचा होता. सुमेधनं हाताला लागली ती डिस्क लावली. संगणकानं विचारलं, आधीचं सगळं पुसू का? सरकारी सेवेत प्रश्न आला की हो म्हणायचं असतं. त्यानं हो म्हटलं आणि चहा प्यायला गेला. परत आला तोवर जुनी डिस्क चढली होती आणि जिल्हा नाहीसा झाला होता.

साहेबांना संगणक आत घेईना. "सुमेध, हे काय दाखवून राहिलं? मी कोण हाये मंग?"

"साहेब, सिस्टीममध्ये तुमचं पदच नाई. जिल्हाच नाई तं..."

साहेबांनी शांतपणे खुर्चीला हात लावून पाहिला. खुर्ची होती, म्हणून ते बसून राहिले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी बोरगावची कुसुमबाई आली. ती रोजीनं संत्रा तोडायला जाते. तिच्या वैशालीचा नर्सिंगला नंबर लागला होता. त्या घरात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. कुसुमबाईच्या हातात पोरीचा जातीचा दाखला होता, सहीशिक्क्याचा. पण कॉलेजच्या संगणकावर तो सापडत नव्हता आणि उद्या संध्याकाळी सीट दुसऱ्याला जाणार होती.

"बाई, जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी जा," साहेबांनी सांगितलं.

"काल गेलती साहेब. ते म्हणते, तुमचा जिल्हा आता येगळा हाये."

सुमेधला ते ऐकवेना. "साहेब, खरी डिस्क कपाटात हाये. एका घंट्यात सारं परत येते. लावू?"

साहेबांनी चष्मा काढला. नोंदी पुसल्या त्या चुकून, त्याला परवानगी लागत नाही. परत आणायच्या म्हणजे जाणूनबुजून, त्याला लागते. शिवाय आता विषय जनतेच्या हिताचा झाला होता. साहेबांनी कपाटाची किल्ली खिशात घातली आणि फलकावर सूचना लावली: नोंदी परत आणण्याबाबत हरकती असल्यास उद्या संध्याकाळपर्यंत द्याव्यात.

तेव्हा गावाच्या डोक्यात प्रकाश पडला. जिल्हा गेला म्हणजे नव्या जिल्ह्यानं काढलेल्या अतिक्रमणाच्या नोटिसाही गेल्या. नाल्यावरचं गोदाम, रस्त्यावर आलेला ओटा, शेजाऱ्याच्या शेताच्या धुऱ्यात सरकलेलं कुंपण, सगळं एका फटक्यात निर्दोष. माझ्या दुकानापुढच्या टिनाच्या शेडलाही नोटीस होती, ते सांगायला लाज कसली.

सकाळीच रांग लागली. दरवर्षी गोटमारीत नदीच्या दोन काठांवरून दगड मारून एकमेकांची डोकी फोडणारे पांढुर्णा आणि सावरगाव त्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभे होते. सगळ्यात पुढे बापूजी. जिल्हा व्हावा म्हणून उपोषणाला बसले होते तेच बापूजी, नाल्यावरचं गोदाम त्यांचंच. "गेलं ते गेलं," ते समजावत होते. "गावानं पुढं पाह्यलं पाह्यजे."

कुसुमबाई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "बापूजी, पोरीची सीट जाईन हो. आज परत आणू द्या, तुमच्या नोटिशीचं मंग पाहा ना."

"बाई, पोरगी हुशार हाये तुही. पुढच्या साली अखीन नंबर लागन."

सगळ्या रांगेनं मान हलवली. हुशार पोरींचा आमच्या गावाला भारी अभिमान आहे. मग कुसुमबाईनं एकेकाचं तोंड पाहिलं. माझंही पाहिलं. मी खिशात पेन शोधत होतो.

संध्याकाळी हरकतींचा गठ्ठा एका हातानं उचलेना. बाजूनं एकच अर्ज आला, खाली कुसुमबाईचा अंगठा. साहेबांनी लोकमताचा आदर केला. वैशालीची सीट गेली. ती आता आईबरोबर संत्रा तोडायला जाते. पूर्ण बॅकअप चालतो, असं वर कळवण्यात आलं आणि सुमेधला प्रशस्तिपत्र मिळालं. त्यानं ते घरी नेलं नाही.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. शेडखालच्या गार सावलीत बसून मी चार गिऱ्हाइकांना तसं सांगितलंही.

वाचून तुम्हाला राग आला असेल, तर चांगली गोष्ट आहे. लोकांच्या आग्रहावरून मुदत वाढवली आहे, बाजूनं अर्ज अजून घेतात. या, जरूर या. फक्त निघण्याआधी आपल्या घराचा ओटा नकाशाबाहेर किती आला आहे, तेवढं टेप लावून पाहून या.