गोकुळरावांची जपानी फुलदाणी

गोकुळरावांनी त्या रविवारी फक्त एवढंच ठरवलं होतं, की आपल्या घरात प्लास्टिकचं फूल शिरू द्यायचं नाही. माणसानं इतपत बाणेदार असायला काहीच हरकत नाही. अडचण एवढीच, की गोकुळराव एकदा बाणेदार झाले की त्यांना थांबता येत नाही. (ऑफिसात ते कधी बाणेदार होत नाहीत. तिथं साहेब असतात.)

संध्याकाळी त्यांच्या मुकुंदवाडीच्या फ्लॅटवर पाहुणे येणार होते. धाकट्या बहिणीला, श्रेयाला, बघायला. खरं म्हणजे बघायचं असं काही उरलं नव्हतं. मुलगा ऋतुराज तिच्याच कंपनीतला, शेंद्र्याच्या. दोघांनी कॅन्टीनमध्ये एकमेकांना भरपूर बघून घेतलं होतं. पण ऋतुराजचं घर पडलं खुलताबादकडचं, जुन्या वळणाचं, शेतीवाडीचं. तेव्हा मध्यस्थ घालून, कुळ-देवक विचारून, जणू कुणाला हे स्थळ कालच सुचलंय अशा थाटात सगळं रीतसर चाललं होतं. श्रेयानं सकाळीच भावाला बजावलं होतं, "दादा, हे जमलं नाही ना, तर मी दुसऱ्या कुणापुढं पोह्यांचा ट्रे घेऊन येणार नाही, सांगून ठेवते. तू फक्त जास्त बोलू नको."

गोकुळराव दुखावले. आपण जास्त बोलतो ही लोकांनी उठवलेली अफवा आहे असं त्यांचं मत होतं, आणि हे मत ते तासन्‌तास समजावून सांगत.

तेवढ्यात सोनिया, म्हणजे त्यांची बायको, गुलमंडीवरून पिशवी घेऊन आली आणि तिनं टीपॉयवर लाल-पिवळ्या फुलांचा एक गुच्छ ठेवला.

"हे काय आहे?" गोकुळरावांनी विचारलं.

"फुलं."

"ही फुलं नाहीत सोनिया. हा आपल्या बाथरूममधल्या बादलीचा चुलतभाऊ आहे."

"असू द्या. धुता येतात."

"फुलं काय धुवायची वस्तू आहे? येणारे पाहुणे मातीतले लोक आहेत. आपण स्वतः शेतकरी घराण्यातले..."

"तुम्ही शेतात शेवटचं कधी गेला होतात हो?"

"प्रश्न तो नाही."

"सातबारा काढायचा होता तेव्हा. तेसुद्धा बांधावरूनच परत आलात, बूट भरतील म्हणून."

झालं! गोकुळरावांनी तो गुच्छ उचलून माळ्यावर भिरकावला आणि जाहीर केलं, की आज हॉल मी सजवणार. खरी पानं, खरी फुलं. पाहुणे येईपर्यंत हॉलमध्ये कुणी पाऊल टाकायचं नाही, आईनंसुद्धा नाही. दार लोटून घेतलं आणि सोफ्यावर बसून त्यांनी मोबाईलवर पानाफुलांच्या सजावटीचा व्हिडिओ लावला. व्हिडिओतली जपानी बाई एका पसरट भांड्यात तीन फांद्या खोचत होती आणि खाली लिहून येत होतं, की उंच फांदी म्हणजे आकाश, मधली म्हणजे माणूस आणि आडवी म्हणजे धरती. गोकुळरावांना हे एकदम पटलं. आपल्यात एक कलावंत आहे आणि सरकारी नोकरीनं त्याला मारून टाकलंय, असा त्यांना जुना संशय होताच.

सोसायटीच्या मागच्या कुंपणापाशी एक झाड पावसाळ्यात लाडवासारख्या गोल, पिवळ्या फुलांनी भरून जाई. पानंही चांगली थोराड, तुकतुकीत. त्याचं नाव गोकुळरावांना ठाऊक नव्हतं. (मातीतल्या माणसाला प्रत्येक झाडाचं नाव ठाऊक असलंच पाहिजे असं थोडंच आहे?) त्यांनी इकडंतिकडं बघून एक जाड डहाळी कडकन्‌ मोडली. वॉचमननं शिट्टी मारली. गोकुळराव पळाले नाहीत, त्यांनी फक्त चाल वाढवली, असं त्यांचं म्हणणं आहे. वरून ज्यांनी बघितलं त्यांचं म्हणणं वेगळं आहे.

आता फुलदाणी. घरातल्या काचेच्या फुलदाणीत डहाळी ठेवली तर फुलदाणीच आडवी झाली. गोकुळराव डगमगले नाहीत. आईच्या कपाटातून त्यांनी तांब्याचा कलश काढला. वजनदार, झकास. पण त्याचं बूड गोल, तो डुलायला लागला. मग त्याच्याखाली गव्हाची रास घातली. गहू फरशीवर पसरले, म्हणून खाली पाट आणला. फांद्या भसकन्‌ पसरत होत्या. चिकटपट्टी सापडेना, देव्हाऱ्यातला लाल नाडा सापडला, तो गुंडाळला. पाण्यात पैसा टाकला की फुलं टिकतात असं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून एक रुपया टाकला. पाणी स्वच्छ राहावं म्हणून चिमूटभर हळद. पाटाभोवती पाण्याचे डाग दिसायला लागले, ते झाकायला रांगोळी.

एवढं झाल्यावर आपल्याकडच्या कुठल्याही शाळकरी पोरानंसुद्धा चप्पल काढून हात जोडले असते. गोकुळरावांना मात्र समोर साक्षात जपान दिसत होतं. त्यांनी त्यावर एक चादर टाकली, कारण कलाकृतीचं अनावरण करायचं असतं.

पाहुणे आले. तिघंच. ऋतुराज, त्याचे वडील सांडूआण्णा आणि आजी गोजरबाई. गोजरबाईंच्या शब्दाबाहेर त्यांच्या घरात कुणी जात नाही असं मध्यस्थानं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि त्यांच्या बसण्यावरूनही ते कळत होतं. गोकुळरावांच्या आई, वच्छलाबाई, त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. चहा आला. पाऊसपाणी झालं, घाटातला रस्ता झाला, कापसाचा विषय निघाला. गोकुळराव मूग गिळून बसले होते, सोनियाला तर गहिवरून आलं. पण माणूस किती सोसणार? ते उठले, कोपऱ्यात गेले, म्हणाले, "एक छोटीशी वस्तू मंडळींना दाखवायची आहे," आणि त्यांनी चादर ओढली.

गोजरबाईंनी डोक्यावर पदर घेतला. कपाळाला हात लावून त्या कलशापुढं वाकल्या. सांडूआण्णांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले.

गोकुळरावांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. सोसायटीत इतकी शिकलेली माणसं, पण कलेपुढं झुकणारी ही पहिलीच.

गोजरबाई म्हणाल्या, "कधीपासून हाय म्हणायचं हे तुमच्यात?"

मोबाईलवरून आजच सकाळपासून, असं मातीतल्या माणसांपुढं कसं सांगायचं? गोकुळराव म्हणाले, "आजी, पिढ्यान्‌पिढ्या! आजोबा करायचे, पणजोबा करायचे. घरात मंगल काही असलं, की आमच्यात हे असंच मांडतात."

"कळंबच?"

"कळंबच!" गोकुळराव ठासून म्हणाले. (झाडाचं नाव त्यांना त्याच क्षणी कळलं होतं.)

सांडूआण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "मध्यस्थ तर सूर्यफूल म्हनला व्हता."

"मध्यस्थाला काय कळतंय?" गोकुळराव म्हणाले.

आता कळंब, म्हणजे कदंब, हे नुसतं झाड नव्हतं, ते पाहुण्यांचं देवक होतं. देवक म्हणजे घराण्याचं पूज्य झाड. त्याचा डहाळा लग्नात तेवढा कलशात पुजायचा, एरवी त्याला हातसुद्धा लावायचा नाही. आणि ज्यांचं देवक एक, ती घराणी एकमेकांची भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. गोकुळरावांनी 'कळंबच' म्हटल्याबरोबर ऋतुराज आणि श्रेया भाऊ-बहीण झाले होते. ऋतुराजच्या हातातलं बिस्किट चहात पडलं, ते त्यानं काढलंसुद्धा नाही.

"नाय हो आण्णा," वच्छलाबाई घाईनं म्हणाल्या, "आमचं सूर्यफूलच हाय. सासऱ्याच्या लग्नापासून सूर्यफूल."

"आईचं आता वय झालंय," गोकुळराव हसून म्हणाले.

"माझं वय झालंय? थांब, पाव्हणे जाऊ दे!"

"अहो, सांगून टाका," सोनिया दातांतल्या दातांत म्हणाली. "शोभेचं आहे म्हणा."

सांगायचं काय? की मी खोटं बोललो, हे शोभेसाठी तोडलं, तेही चोरून, आणि तोडला तो नेमका तुमचा देव? आणि नमतं घ्यायचं कसं, ते गोकुळरावांना घरात तरी कधीच जमलेलं नाही. ते ताठ झाले.

"दोन्ही आहेत," ते म्हणाले. "गावाकडं सूर्यफूल. इकडं शहरात आल्यावर आम्ही कळंब घेतलं."

"घेतलं?" सांडूआण्णा उभेच राहिले. "देवक काय ग्यासचं कनेक्शन हाय व्हय, पत्ता बदलला की बदलून घ्यायला? चल माय, ऊठ. एक तर ह्यांनी मध्यस्थाला खोटं सांगितलं, नायतर आपल्याला खोटं सांगायलेत. दोन्हीकडून आपलं जमत नाय."

आणि तेव्हा पोह्यांचा ट्रे टीपॉयवर दाणकन्‌ आपटला.

"कुणी उठायचं नाही," श्रेया म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण खाली येत नव्हता. "आजी, आमचं देवक सूर्यफूलच आहे. दादानं ही फांदी आज दुपारी सोसायटीच्या बागेतून चोरून तोडली. वॉचमननं शिट्टी मारल्यावर पळत आला, मी खिडकीतून बघितलंय. शोभेला म्हणून ठेवलीय. पिढ्यान्‌पिढ्या वगैरे काही नाही. तुमचं झाड तोडलं हे वाईट झालं, त्याची माफी मी मागते. पण पाप असेल तर ते दादाचं. त्यापायी मी माझं लग्न मोडू देणार नाही. आणि आता निघालंच आहे तर हेही ऐका. ऋतुराजला मी आधीपासून ओळखते. लग्न करीन तर ह्याच्याशीच."

ऋतुराजही उभा राहिला. "मी पण," तो म्हणाला. भाषण लहान होतं, पण वडिलांपुढं तेवढं बोलायलाही छाती लागते.

सगळ्यांनी गोजरबाईंकडं बघितलं. म्हातारीनं श्रेयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग कलशाकडं बोट केलं.

"सांडू, बस खाली. हे काय हाय?"

"फुलदाणी हाय म्हनतेत की."

"तांब्याचा कलश हाय. खाली गहू हाय, पाट हाय, रांगोळी हाय, नाडा बांधलाय. आत पैसा हाय का रं बाबा?"

"रुपया आहे," गोकुळराव पुटपुटले. "आणि हळद."

"आन् वर आपला कळंब हाय. तू हात जोडले, म्या डोकं टेकवलं. म्हंजी देवक बसलं! एकदा बसलेलं देवक लगीन लागल्याबिगर उठवत नसतेत. आता हे लगीन मोडायचं म्हणलं तरी मोडता येत नाय."

"माय, असं कुठं असतंय?" सांडूआण्णा म्हणाले. "पोरीकडच्यांच्या घरी, आपलं देवक, ते पण असं..."

"तू मला रीत शिकिवतो व्हय? असं कुठं नसंल तर आजपासून असतंय!" गोजरबाई कडाडल्या. मग श्रेयाचा हात धरून तिला त्यांनी शेजारी बसवलं. "पोरगी तोंडावर खरं बोलती. मला लई आवडली. तुमच्या घरात एक तरी तसं हाय, हे बरंय."

वच्छलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. ऋतुराजनं चहातलं बिस्किट चमच्यानं काढून खाल्लं. सोनियानं आत जाऊन साखर आणली. सगळं जुळलं होतं, आणि ज्याच्यामुळं जुळलं त्याचं कुणी नावसुद्धा घेत नव्हतं. हे गोकुळरावांना सहन होईना.

"देवक बसवलं कुनी?" गोजरबाईंनी विचारलं.

"मी!" गोकुळराव छाती काढून पुढं आले. "एकट्यानं! कुणाची मदत घेतली नाही."

"मग उपास तुमचा. आमच्यात ज्यानं देवक बसिवलं, त्यानं लगीन लागंस्तोवर जेवायचं नसतं."

"लग्न कधी?"

"तुळशीचं लगीन झाल्याबिगर मुहूर्त नाय धरत आम्ही."

बाहेर पावसाळा नुकता कुठं लागला होता. गोकुळरावांनी मनातल्या मनात महिने मोजायला घेतले आणि मधेच सोडून दिले.

"माय, मरंल ना माणूस," सांडूआण्णांना दया आली. "नुसतं मटण-कोंबडी बंद करू."

"अंडीपण," सोनिया म्हणाली.

"आणि मोबाईल," श्रेया म्हणाली.

"खोटं बोलणंबी," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचा वयाचा हिशेब अजून बाकी होता.

"हे बघा," गोकुळराव उसळले, "मी असल्या जुन्या रीती मुळीच मानत नाही!"

"आत्ताच तर पिढ्यान्‌पिढ्या म्हनत व्हता," सांडूआण्णा शांतपणे म्हणाले आणि त्यांनी पोह्यांची बशी जवळ ओढली.

निघताना गोजरबाई पुन्हा कलशापुढं आल्या. गोकुळराव शेजारीच उभे होते, तोंड फुगवून, पण उभे. म्हातारीनं पदर घेतला, हात जोडले. काही झालं तरी रचना आपलीच आहे, हे गोकुळरावांच्या मनात आलंच. त्यांनी नम्रपणे मान झुकवली आणि "असू द्या आजी, त्यात काय एवढं," असं म्हणायला तोंड उघडलं.

"जरा सरका बाबा," गोजरबाई म्हणाल्या. "देवकावर सावली पडायली."