डिझेलच्या परवानगीने सूर्य

सूर्याला मालक नसतो, असं जुनी माणसं म्हणत. जुन्या माणसांनी करार वाचला नव्हता.

व्हाइटफिश बेंड हे कॅनडातल्या युकॉन प्रांताच्या उत्तर टोकाचं, बासष्ट माणसांचं गाव. तिथे रस्ता जात नाही. विजेसाठी लागणारं डिझेलसुद्धा विमानाने येतं. ते वाचावं म्हणून सूर्यविजेचा प्रकल्प आला (तोही विमानानेच, अकरा खेपांत). उद्घाटन डिसेंबरात झालं. डिसेंबरात तिथे सूर्य उगवत नाही, पण पाहुण्यांना तेवढाच आठवडा मोकळा होता. डिझेलच्या दिव्याखाली फीत कापली. आज सूर्याने किती वीज दिली हे दाखवणारा मोठा पडदा सभागृहात लावला. हिवाळाभर तो पडदा डिझेलवर चालून शून्य दाखवत राहिला. आकडा एकदाही चुकला नाही, ही गोष्ट अहवालात ठळक छापली आहे.

घरोघरच्या अंगणातही पॅनेलं उभी केली. त्यासाठी सगळ्यात जास्त उन्हाची जागा निवडली. डोरकसआजीच्या अंगणात त्या जागेवर मांस वाळवायचा काठ्यांचा मांडव होता. तो प्रगतीच्या आड येत असल्याने काढला. फेब्रुवारीत पॅनेलांवर बर्फ साचला तेव्हा आजी झाडू घेऊन निघाली, तर तिला नियम वाचून दाखवला: बर्फ फक्त प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच झाडावा. तो माणूस जूनमध्ये आला. बर्फ नव्हता. ‘काम समाधानकारक’ असा शेरा लिहून, आजीची सही घेऊन तो गेला.

तो गेला आणि तिसऱ्या दिवशी गावाचं डिझेल इंजिन बसलं.

आजीच्या फ्रीझरमध्ये दोन कॅरिबूंचं, म्हणजे रानटी रेनडिअरांचं, मांस होतं. नवरा एफ्रेम जाऊन वर्ष होत होतं. नऊ दिवसांनी त्याच्या नावाने सगळ्या गावाला जेवण घालायचं होतं. कळप आता शरदाशिवाय परतणार नव्हता. (पूर्वी मांस ठेवायचे त्या जमिनीतल्या गोठलेल्या तळघरात हल्ली पाणी भरतं, त्याचा प्रकल्प वेगळा आहे.) तिने शहरातल्या कचेरीला फोन लावला.

“बाळा, माझा फ्रीझर बंद पडलाय.”

“इंजिन बिघडलंय, आजी. चार दिवसांत माणूस येईल.”

“इंजिनाचं कोण विचारतंय? इथे चोवीस तास ऊन आहे. तुमची पॅनेलं काय करतायत?”

“ती बंद झालीत. डिझेलची वीज गेली की आपोआप बंद होतात. सुरक्षेसाठी.”

“कुणाच्या?”

“तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या.”

“तो तर चार दिवसांनी येणार म्हणालास.”

“हो ना. तोवर तो सुरक्षित आहे.”

“म्हणजे डिझेल आजारी पडलं की सूर्यानेही रजा घ्यायची?”

“सध्या तरतूद तशी आहे.”

तिचा भाचा एलियास दारात हसत उभा होता. ही शिकार त्याचीच. “मावशी, उन्हाला हात लावू नकोस हं. करारभंग होईल.”

“जीभ आवर, सुरी काढ.”

दोघांनी दोन दिवस मांसाच्या पातळ पट्ट्या कापल्या, पॅनेलांच्या चौकटींना दोऱ्या बांधल्या आणि त्यांवर पट्ट्या टांगल्या. माश्यांसाठी खाली धूर केला. काळी काच चांगली तापत होती. एका कॅरिबूचं मांस वाळलं. दुसरं तोवर नासलं, ते कुत्र्यांना गेलं. इंजिनाचा माणूस बाराव्या दिवशी आला, सुरक्षित.

नवव्या दिवशी गाव जेवलं. एफ्रेमच्या नावाचा तुकडा विस्तवात गेला. सगळ्यांना वाढून झाल्यावर आजीच्या वाट्याला चहा आला.

शहरातून साहेब आले, त्यांना टांगायच्या दोऱ्या आवडल्या. त्यांनी शेजाऱ्यांकडे उरलेल्या चार वाळलेल्या पट्ट्या आजीकडून पुन्हा टांगून घेतल्या आणि फोटो काढला. तो आता अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे. खाली ओळ आहे: ‘सूर्यशक्तीचा बहुविध वापर’. त्याला बक्षीस मिळालं.

अहवालाच्या शेवटी लाभार्थींचा तक्ता आहे. गावातले: बासष्ट. गावाबाहेरचे: ही हकीकत कळून ज्यांना बरं वाटलं ते. हा दुसरा आकडा दरवर्षी वाढतो आणि त्यासाठी वीज लागत नाही. आजीने पॅनेलांवर मांस टांगलं तिथे तुम्हालाही हसू आलं, जरा ऊबही वाटली. तेव्हाच तुमचं नाव त्यात चढलं. सही लागत नाही.