भामाबाई हिमोग्लोबिनात पास

पुरुष थकतो तो कामामुळे आणि बाई थकते ती मनाला लावून घेतल्यामुळे, हे कुटुंबसंस्थेचं सर्वमान्य निदान आहे. त्याला तपासणी लागत नाही. म्हणून पनवेलजवळच्या गावातल्या भामाबाई स्वयंपाकघरातून ओटीवर येताना दोनदा भिंतीला टेकू लागल्या, तेव्हा घरच्यांनी 'विचार करू नको' हे औषध दिवसातून तीनदा सुरू केलं.

भामाबाईंचं वय बासष्ट. तीन वर्षांपूर्वी झटका येऊन गेला, तेव्हापासून त्यांचं हृदय रक्त निम्म्या जोरानेच पुढे ढकलायचं. गोळ्या वेळेवर चालू होत्या, तरी दम वाढत होता. खारघरच्या हृदयाच्या डॉक्टर दिपिकांनी रक्त तपासायला सांगितलं. मुलगा भावेश (व्यवसाय जमिनीचा, वैद्यकशास्त्र फावल्या वेळात) याने रिपोर्ट दहावीच्या निकालासारखा वाचला.

"हिमोग्लोबिन साडेबारा! आये, तू पास हायस."

"मंग मना दम का लागतो?"

"वय झालं."

डॉक्टरांचं मत वेगळं पडलं. "नळाला पाणी येतंय म्हणजे टाकी भरलेली असतेच असं नाही," त्या म्हणाल्या. "फेरिटिन बघा, ती लोहाची टाकी. यांची तळाला गेलीय. अशा हृदयाला लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन चांगलं असूनही अंगात बळ राहत नाही. गोळ्यांचा यात फारसा उपयोग होत नाही. शिरेतून द्यायला हवं. तासाभराचं काम आहे."

शिरेतून म्हणजे सलाईन, सलाईन म्हणजे सिरियस, आणि सिरियस म्हणजे सगळे पाहुणे भेटायला येणार. सबब कुटुंबाची बैठक झाली. उपस्थिती अकरा. (रुग्ण चहा करत असल्याने गैरहजर.) रोज दोन बीट, मूठभर खजूर आणि भाकरीला लोखंडी तवा, असे ठराव एकमताने मंजूर झाले. अंमलबजावणी भामाबाईंकडे सोपवण्यात आली. सुईचा विषय पुतण्या परेशच्या हळदीपर्यंत, नंतर गणपतीपर्यंत आणि पुढे 'बघू'पर्यंत तहकूब झाला.

तीन महिन्यांचा आढावा असा: बीट एकशे ऐंशी, खजूर अगणित, तव्याचं वजन चार किलो. तवा उचलताना लागणाऱ्या दमात लक्षणीय वाढ.

एका मंगळवारी भामाबाई मोरीपाशी धुण्याला बसल्या आणि त्यांना उठताच येईना. हाक मारायलाही श्वास पुरेना. आपण अशाच बसल्या जागी जाणार आणि मागून लोक म्हणणार, रिपोर्ट तर नॉर्मल होता, हे त्यांना लख्ख दिसलं. पाऊण तासाने त्या भिंत धरून उठल्या, लुगडं बदललं आणि रिक्षा करून एकट्याच खारघरला गेल्या.

"आजी, सोबत कोण आहे?" नर्स रेवाने विचारलं.

"रिपोर्ट हाय."

सुई लागली. तासभर कुणी चहा मागितला नाही. भामाबाई गाढ झोपल्या. (लग्नानंतर दिवसा पाठ टेकण्याची ही त्यांची तिसरी वेळ. आधीच्या दोन बाळंतपणात मोडतात.)

सहा आठवड्यांनी त्या सुकट वाळत घालायला गच्चीवर गेल्या. मधे कुठे थांबल्या नाहीत. वर पोचल्यावर हे लक्षात आलं, तेव्हा टोपली खाली ठेवून थोडं रडल्या आणि मग सुकट पसरली.

घरात आनंद झाला. बीटाचा विजय सर्वांनी मान्य केला.

"अरे, मी सुई घेऊन आले ना," भामाबाई म्हणाल्या.

"ती पन बीटामुलंच लागू पडली," भावेशने निकाल दिला आणि 'बीटाने हृदय जिंकले' हा मजकूर चारशे जणांना पाठवला. सुईबद्दल कुणी विचारलं नाही. बीट किसून घ्यायचं की उकडून, हे एकशे बारा जणांनी विचारलं.

वाचक सुशिक्षित असल्याने असं काही करणार नाहीत. ते आज आईला फोन करून विचारतील, "दमतेस का गं हल्ली?" ती म्हणेल, "छे रे, काही नाही." आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान होईल.