पाठीवरचा शेरा

किसनतात्यांच्या हातात कुठलाही कागद दिला, की ते आधी तो उलटा करून पाठ वाचत. मग तो शाळेचा दाखला असो, नाही तर भजी बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा असो. माझ्या बहिणीची लग्नपत्रिका मी हौसेनं त्यांना नेऊन दिली, तर त्यांनी कोऱ्या पाठीवरून दोनदा नजर फिरवली, "शेरा न्हाई. म्हंजे लगीन हुनार," असं म्हणाले आणि मग कुठं नवऱ्या मुलाचं नाव वाचलं.

"मजकूर पुढं आसतो रावसाहेब, निकाल पाठीवर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते काही खोटं नव्हतं. अर्ज पुढच्या बाजूला आणि साहेबाचा शेरा मागच्या, ही कचेरीची जुनी पद्धत. तात्या अर्ज लिहून देण्याचं काम करत. आमच्या तालुक्याच्या कोर्टासमोर लिंबाखाली त्यांचं उतरतं डेस्क असे आणि मी आत नक्कल खात्यात कारकून. तात्यांची बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, जमीन देवळालीला भावाकडं. कोर्टाला सुटी असली तरी हा गृहस्थ डेस्क मांडून लिंबाखाली बसलेला असायचा.

त्यांच्या तक्रारअर्जात कलमं सातच. पहिली सहा गिऱ्हाइकाची आणि सातवं तात्यांच्या पदरचं: 'सदर इसम दारू पिऊन कामावर येतो.' तलाठी असो, कोतवाल असो, सातवं कलम पडायचंच. दवाखान्यातल्या नर्सबाईंविरुद्ध अर्ज लिहिला, तेव्हा त्यासुद्धा 'सदर इसम' होऊन दारू पिऊन आल्या. मी हरकत घेतली तर म्हणाले, तक्रारीला वजन लागतं, रिकामी गाडी उलटते. तालुक्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामलेदार सहाव्या कलमाशी थांबत आणि हसून कागद बाजूला ठेवत.

एकाहत्तर सालची गोष्ट. तात्यांनी एका सकाळी माझ्या खिडकीतून अर्ज आत सरकवला. मी वाचला आणि तसाच शिरस्तेदारांपुढं नेऊन ठेवला. 'येथील मागील न्यायाधीशसाहेब यांचेविरुद्ध झालेली तक्रार व तिचे पाठीवरील शेरे यांची नक्कल मिळावी, अगर कागद निदान पाहावयास मिळावा.'

शिरस्तेदारांनी तोंडातली सुपारी अख्खी गिळली. बेलीफ काही काम नसताना बाहेर निघून गेला. कोर्टाची इमारत विकत मागितली असती तरी आम्ही इतके हादरलो नसतो. "जज्जावरची तक्रार बघायला मागतोय?" असं शिरस्तेदारांनी मला तीनदा विचारलं आणि दर खेपेला त्यांचा आवाज आणखी खाली गेला.

तात्या मात्र शांत. म्हणाले, "फाशीच्या निकालाची नक्कल मिळती. माझ्या रानाचा उतारा कुनीबी काढतो. मंग जज्जाच्या तक्रारीलाच पडदा कशापायी?"

याचं उत्तर देण्यापेक्षा शिरस्तेदारांनी अर्ज वर पाठवून दिला. महिन्यानं उत्तर आलं: 'सदर कागद गोपनीय आहेत. असे कागद आहेत किंवा कसे, हेही कळविता येत नाही.' तात्यांनी आधी त्याची पाठ पाहिली. ती कोरी होती. मग पुढचं वाचून त्यांनी मला विचारलं, "म्हंजे म्या माझ्या हातानं लिव्हल्याला कागद हाय का न्हाई, ते मलाच कळवता येत न्हाई?"

कारण ती तक्रार तात्यांनीच लिहिलेली होती. घोडेगावच्या एका बैलव्यापाऱ्याचा दावा तारखांवर तारखा खात होता. जज्जसाहेब साक्षीदाराचा शब्द न् शब्द स्वतः लिहून घेत, त्यामुळं काम रेंगाळे. व्यापारी चिडला, लिंबाखाली आला, आणि सहा कलमांमागोमाग सातवंही कागदावर उतरलं. साहेब तर चहासुद्धा पीत नसत, घरून आणलेल्या तांब्यातलं गरम पाणी पीत. पण अर्ज गेला थेट वर, आणि वरच्यांना तात्यांच्या सातव्या कलमाची चाल कुठली ठाऊक? काही महिन्यांत साहेबांची बदली झाली, थेट चांद्याला. तक्रारीमुळं की नेहमीच्या क्रमानं, कुणाला कळलं नाही. गावानं मात्र निकाल देऊन टाकला: दारूपायी गेला. आणि लाज वाटते सांगायला, रोज तो तांब्या पाहणारा मीसुद्धा एकदा मनात म्हणालो, की काय होतं त्यात कोण जाणे.

मग तात्या दर एक तारखेला तोच अर्ज आणू लागले. मला वाटलं, आपल्या लेखणीनं जज्ज हलवला याचा पुरावा म्हाताऱ्याला मिरवायला हवा आहे. संताप यायचा. मी 'गोपनीय' असा रबरी शिक्काच करून घेतला, अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात हाणायचा आणि अर्ज गठ्ठ्यात टाकायचा.

दीडेक वर्षानं जुने कागद बांधायला घेतले, तर तो गठ्ठा हातातून निसटला आणि पालथा पडला. प्रत्येक अर्जाची पाठ लिहिलेली होती. त्याच सुरेख अक्षरात, तारीख-सहीनिशी, दर महिन्याला तेच. 'कलम सात खोटे आहे. साहेब दारू पीत नव्हते. ते कलम लिहिणाराच्या सवयीने पडले. नक्कल देता येत नसल्यास मूळ कागदावर एवढे तरी नोंदवावे.'

ज्या माणसाला आम्ही पाठ वाचण्यावरून हसत होतो, त्याच्या अर्जाची पाठ मी एकदाही उलटली नव्हती. मी सगळे अर्ज घेऊन तसाच लिंबाखाली गेलो आणि हे तोंडानं का नाही सांगितलंत म्हणून विचारलं.

"तोंडचं वाऱ्यावर जातं," तात्या म्हणाले. त्यांनी टाक पुसून ठेवला. मग त्यांनी सांगितलं. जायच्या दिवशी साहेब लिंबाखाली थांबले होते. डेस्कावरचा अर्धा अर्ज पाहून म्हणाले, "तात्या, अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं. परवाच मला एक कागद खुलाशासाठी दाखवला, त्यावर पाहिलं." एवढंच बोलले, नमस्कार केला आणि एसटीकडं चालू लागले.

"शिवी दिली आसती तर बरं झालं आसतं, रावसाहेब. म्या भल्या मानसाची अब्रू घेतली. त्येंनी काय खुलासा दिला, पाठीवर काय शेरा पडला, तेवढं बघायचंय. त्येंना पत्र लिवायला बसतो, पन 'सदर'च्या म्होरं हात जात न्हाई."

डेस्कावर एक ताजा तक्रारअर्ज वाळत होता. मी सहज कलमं मोजली. सहाच होती. सातवं कधी बंद झालं, हे तालुक्यात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मूळ कागद कुठं होता, होता की नव्हता, हे मला कळण्यासारखं नव्हतं. मी तात्यांचाच टाक घेतला, शेवटच्या अर्जाच्या पाठीवर त्यांच्या सहीखाली 'वाचले' एवढं लिहिलं आणि माझी सही केली. मला तसा काही अधिकार नव्हता. तात्यांनी कागद हातात घेतला, माझा तो एक शब्द कितीतरी वेळ वाचला, आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले.

पुढच्या एक तारखेला ते पुन्हा अर्ज घेऊन खिडकीशी आले. मी आधी पाठ वाचली.