फ्रान्सवाले काकाजी आणि माझा इसार

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही बोरगावच्या शाळेत, संत्र्याच्या तोडणीत अर्ध्या दांड्या मारून झालेलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण काकाजींबद्दल लिहायचं तर त्यात जे लाजेचं आहे ते माझं आहे, म्हणून दुसऱ्या कोणाला लिहायला सांगता येत नाही.

पांढुर्ण्याला आमच्या गल्लीत काकाजी रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, पंक्चरच्या दुकानासमोर हात जोडून उभे राहतात. पंक्चरवाल्याला आधी वाटलं, नमस्कार आपल्यालाच आहे. तोही पाना खाली ठेवून हात जोडायचा. महिनाभर असं चाललं. मग कळलं की नमस्कार त्याच्या डोक्यावरच्या पाटीला आहे. पाटी काकाजींनीच स्वतःच्या पैशाने लावलेली. "या खोलीत कै. सीताराम शिंपी यांनी कपडे शिवले व भजने लिहिली." पेंटर ट्रक रंगवणारा होता. त्याने खाली आपल्या मनाने लिंबू-मिरची काढून दिली.

"फ्रान्समंदी," काकाजी त्या पंक्चरवाल्याला म्हणाले, "लेखक मेला तं त्याची खुर्ची बी पुसून ठेवते. आपन खोलीत ट्यूब फुगवतो."

पंक्चरवाला म्हणाला, "काकाजी, भाडं तुम्ही देत असान तं मी बी रोज खुर्ची पुसतो."

काकाजी फ्रान्सला कधी गेले नाहीत. ते संत्र्याचे व्यापारी. पेटीत संत्र्याखाली घालायला रद्दी यायची, त्यात एकदा त्यांना वर्तमानपत्राचं एक पान सापडलं. फ्रान्समध्ये धनवान लोक आपल्या खिशातून लेखकांना बक्षिसं देतात, मेलेल्या लेखकांची घरं जपतात, आणि बक्षीस ठरवणारी मंडळी हॉटेलात जेवायला बसून निकाल लावतात, असं त्यात होतं. काकाजींनी ते पान प्लास्टिकमध्ये घालून घेतलं. तेव्हापासून ते फ्रान्सवाले काकाजी झाले.

"तिथं अत्तरवाले देते, औषधवाले देते, कापडवाले देते," ते म्हणायचे. "आपन संत्रावाले काय मेलो का?"

पांढुर्णा जिल्हा होणार अशी बोलणी सुरू झाली तेव्हा तर त्यांना जोरच चढला. "जिल्हा होईन, कलेक्टर येईन. मंग साहित्याचं बक्षीस नाही तं कायचा जिल्हा?"

लोकांनी लिहून आणून दिलेल्या वह्यांतून बक्षीस ठरवायला त्यांनी तीन माणसं नेमली. पोस्टातून निवृत्त झालेले बाबूजी, गोड गोळ्या देणारे एक डॉक्टर, आणि सौंसरहून बसने येणारे एक गुरुजी. आणि जेवण करायला मी. फ्रान्सच्या नियमाप्रमाणे जेवल्याशिवाय निकाल नाही. मी पाटवडीचा रस्सा, वडाभात, ठेचा, असं केलं. तिघं पोटभर जेवले आणि भिंतीला टेकून झोपले. निकाल राहिला. पुढच्या रविवारी पुन्हा जेवण ठेवलं. त्या दिवशी तिघांचं एकमत होईना. बाबूजींना कविता पसंत, डॉक्टरांना नाटक, गुरुजींना दोन्ही नापसंत. तिसऱ्या रविवारीही तसंच. चौथ्या रविवारी मी वाढायला गेले तर डॉक्टर बाबूजींना हळूच म्हणत होते, "आज एकमत करू नका बावा. पुढच्या वेळी भरीत हाये म्हन्ते."

मी काकाजींना हे सांगितलं. त्यांना जराही राग आला नाही. म्हणाले, "खाऊ दे माय. साहित्यावर तीन रविवार भांडून राहिले, गावात कधी झालं होतं का असं?"

त्यांची आणखी एक तऱ्हा होती, आणि तिनेच माझा घात केला. आमच्याकडे संत्र्याचा बगीचा फुलावरच विकतात. व्यापारी येतो, झाडावरचा बहार पाहतो आणि इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन जातो. फळ अजून दिसतही नसतं. पुढे फळांची गळ झाली, गारा पडल्या, तर ते व्यापाऱ्याचं नशीब, मालकाकडून तो इसार परत मागत नाही. काकाजींनी जन्मभर हेच केलं. त्यामुळे पुस्तक लिहून झाल्यावर बक्षीस द्यायचं, हे त्यांना मनातून पटतच नव्हतं.

"पिकल्यावर कोनीबी घेईन. फुलावर घेनारा तो खरा व्यापारी."

म्हणून ते न लिहिलेल्या पुस्तकांनाही इसार देऊ लागले. एका मास्तरांनी कादंबरीसाठी इसार घेतला आणि जुनी मोटारसायकल घेतली. लोक हसले तर काकाजी म्हणाले, "फिरन तेव्हाच तं लिहीन ना." मास्तर अजून फिरून राहिले आहेत.

मला लिहिण्याचा नाद कसा लागला ते माहीत नाही. मुलीच्या जुन्या वह्यांची कोरी पानं उरायची, त्यावर मी काहीबाही लिहायची. नणंद कशी बोलते, शेजारच्या म्हशीने कोणाचं लुगडं खाल्लं, असलंच. वही पिठाच्या डब्यावर असायची. भरिताच्या त्या रविवारी मी ती डब्यासोबत काकाजींकडे नेली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात विसरून बाहेर वाढायला गेले. काकाजी ठेचा न्यायला आत आले ते परत येईनात. मी पाहिलं तर एका हातात ठेच्याची वाटी आणि दुसऱ्या हातात माझी वही. बाहेरून डॉक्टर ओरडत होते, "ठेचा पिकून राहिला का झाडावर?"

"हे कोनं लिहिलं?" काकाजींनी विचारलं.

"पोरीनं," मी म्हणाले.

"तुह्या पोरीचं तं लगन बी नाही झालं. तिले नणद कुठून आली?"

माझे कान तापले. मी वही ओढून घेतली आणि त्या दिवशी न जेवताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी काकाजी दारात आले. पाकिटात अकरा हजार रुपये. "बहार दिसून राहिला मले," म्हणाले. "पुस्तक हो माय हे. सावकाश लिही."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या आठवड्यात मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती, मुदत संपत आली होती, आणि कापसाच्या जिनिंगवर यांचं काम दोन महिने बंद होतं. मी मान खाली घालून पाकीट घेतलं. दुपारच्या बसने छिंदवाड्याला जाऊन फी भरली. पुस्तकाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. काकाजी माझ्या वहीवर बोलत होते तेव्हा मी मनात फीचा हिशोब करत होते. हे लिहितानाही मला मान वर करावीशी वाटत नाही.

नंतर मी लिहायला बसले नाही असं नाही. नवी वही आणली, वर श्री काढला. पण पैसे घेतलेला हात चालेना. त्या पानावर शेवटी वाण्याची यादी लिहिली.

काकाजी पंधरा-वीस दिवसांनी येत आणि अंगणातून हाक मारत, "बाई, बहार कसा हाये?" मी मागच्या दाराने निघून जायची. एकदा मागचं दार बाहेरून लागलेलं होतं, तर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. ते ओट्यावर बसले, यांच्याशी कापसाच्या भावाबद्दल तासभर बोलले. माझे पाय मुंग्यांनी भरले. बाजारात ते दिसले की मी पदर ओढून भलत्याच दुकानात शिरायची. एकदा अशी न्हाव्याच्या दुकानात शिरले.

एकदा मी शेजारणीला सांगायला लावलं की ती माहेरी गेली, बोरगावला. काकाजी सौंसरची बस धरून बोरगावला गेले! मी तिथे नव्हते हे पाहून भावाच्या घरी जेवले, आणि संध्याकाळी माझ्या दारात अंबाडीची जुडी ठेवून गेले. भावाने पाठवली होती. निरोप एवढाच, "घाई नाही म्हना." त्या दिवशी मी दाराआड होते. जुडी उचलायलाही मला दहा मिनिटं लागली.

दोन वर्षं अशी काढली. मग मी पापड-कुरडयांची कामं घ्यायला लागले. मुलीला नागपूरला नोकरी लागली होती, पण तिच्या पगारातून द्यायचे नव्हते. लाज माझी होती. पहिले पाचशे जमले तशी काकाजींकडे गेले.

"काकाजी, इसार परत करून राहिली."

"काहून? गळ झाली का?"

"हो."

"मंग नुकसान माहं. गळ झालेल्या बगीच्याचा इसार परत घेतला तं बाजारात माही काय इज्जत राहीन?"

पुढे बोलणं मला भाग होतं. मी म्हणाले, "गळ नाही झाली. बहारच नव्हता. मी फीसाठी घेतले होते. पुस्तक मनातच नव्हतं. सौदा मीच मोडते."

काकाजींनी चष्मा काढला, धोतराला पुसला. "फ्रान्समंदी..." म्हणाले आणि पुढचं बोललेच नाहीत. मी त्यांना एवढ्या वर्षांत तेवढं एकच वाक्य अर्धं सोडताना पाहिलं.

मग म्हणाले, "सौदा मोडला तं घ्यावंच लागते. किती आनले?"

"पाचशे. दर महिन्याला पाचशे देईन."

"चालते. बस. च्या घे."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी जात असे. चहा ते स्वतः करायचे, साखर एवढी की चमचा उभा राहावा. जेवणाची पंगत बंद झाली होती. बाबूजी वारले, डॉक्टर मुलाकडे भोपाळला गेले, सौंसरचे गुरुजी गुडघ्याने अडले. काकाजींचा मुलगा पुण्याला, तो फोन करतो. बक्षिसासाठी गेल्या वर्षी एकही वही आली नाही. काकाजी मला पावती लिहून देत आणि मग विचारत, "अन् तुह्या नणदेचं काय म्हन्ते?" मी सांगायची. गल्लीतलं, माहेरचं, म्हशीचं. ते हसून हसून खोकायचे. मला वाटायचं, माझी लाज झाकायला हसतात.

शेवटचे पाचशे राहिले. पहिल्या तारखेला गेले तर म्हणाले, "आज अमावस्या. आज नको." पुढच्या महिन्यात म्हणाले, "चष्मा सापडून नाही राहिला, पावती कशी लिहू?" चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मला वाटलं, यांना माझे पैसे घ्यायची किळस आली आहे. खोटं बोलून घेतलेल्या पैशाची येणारच.

तिसऱ्या महिन्यात मी चहा व्हायची वाटही पाहिली नाही. शंभराच्या पाच नोटा त्यांच्यासमोर ठेवल्या. "घ्या काकाजी. मले रात्री झोप येत नाही. मोजा."

त्यांनी मोजल्या. पुन्हा मोजल्या. पाच नोटा हो, तिसऱ्यांदाही मोजल्या. मग लोखंडी पेटीत ठेवल्या, पावतीवर "पूर्ण रक्कम पोचली" लिहिलं, आणि पावती माझ्याकडे न देता हातातच धरून बसले.

"फिटलं तुहं," म्हणाले. मग भिंतीकडे पाहत, अगदी हळू, "मंग आता तू इकडे कायले येशीन?"

लपून काढलेली ती दोन वर्षं मला वाटत होतं, हा माणूस वसुलीला येतो.

मी उठून गॅसवरचं आधण पाहिलं, चहा केला, त्यांच्यासारखीच साखर घातली, दोन कप आणून ठेवले. त्यांनी पावती दिली, मी ती कमरेला खोचली. पैसे पूर्ण फिटले होते. चहा फार गोड होता, आणि मी तो जितका हळू पिता येईल तितका हळू प्यायले.