वही आणि प्रमुख

सोमवारी सकाळी पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलमध्ये वाफेचा पाइप फुटला आणि खालचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. त्यात कापड रंगवायच्या अकराशे शेडच्या रेसिपी होत्या.

“कॉपी?” हितेशशेठनी विचारलं.

“होती ना शेठ,” कॉम्प्युटर सांभाळणारा नितीन म्हणाला. “शोधत बसायला नको म्हणून त्याच टेबलावर ठेवली होती.”

शेठनी त्या टेबलाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, “आजपासून ही जबाबदारी एकट्याची नाय, सगळ्या खात्यांची. संकट आलं तर काय करायचं, याची कमिटी. प्रमुख नितीन. काय काय बुडतं ते त्यालाच माहीत.”

रंगमास्तर सुपडू जळला. अठ्ठावीस वर्षं रंग कालवले त्याने, आणि ज्याने बुडवलं तो प्रमुख! वर त्याला फिरती खुर्चीही मिळाली.

दुसऱ्या दिवशी सुपडूने पिशवीतून जाडजूड वही काढली. त्याला लिहायचा कंटाळा. रोज जेवणानंतर तो रेसिपी सांगायचा आणि त्याची बायको लीला लिहून घ्यायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्याने वही उघडली नव्हती.

“याला म्हणतात कॉपी,” तो नितीनला म्हणाला. “घरी होती. टेबलावर नव्हती.”

शेठनी कामं वाटून दिली. नितीनने वाचायचं, लॅबमधल्या योगिताने टाइप करायचं, सुपडूने शेड ओळखायची. वही मात्र सुपडूने मांडीवरच ठेवली. नितीन मान वाकडी करून वाचू लागला.

“‘वन्संच्या शालूचा हिरवा.’ मास्तर, हा कुठला नंबर?”

“चारशे बारा. कमिटीला नाही कळायचा.”

“‘सुनेने नाकारलेला गुलाबी.’”

“सातशे तीन!” सुपडू खुशीत होता.

“‘वांगी. आज हे पुन्हा त्या नितीनवर चिडून आले...’” नितीन थांबला.

“वाच की! थांबलास कशाला?”

“‘मला वाटतं, नितीनच बरोबर असेल. यांना सांगायचं नाही. जळतील.’”

“हेपण टाइप करू?” योगिताने विचारलं.

सुपडूने वही मिटली. “आठशे एक,” तो म्हणाला. “तेवढंच कर.”

“मास्तर, फोटो काढून घेऊ का?” नितीन हळूच म्हणाला. “एकच तर प्रत आहे.”

“तिच्या अक्षराला हात लावायचा नाही.”

आता सुपडू रोज वही आणतो आणि संध्याकाळी घरी नेतो. वहीत नितीनचं नाव आणखी कुठे आलंय का, ते बोट ठेवून आधी स्वतः वाचतो. आजवर तीनशे शेड टाइप झाल्या. वहीची दुसरी प्रत अजून काढलेली नाही.